सेव्हिल: चार मैत्रिणी, एक डबी आणि पस्तीस चढ

आम्ही चौघी सांगलीच्या. एकाच बँकेत, वेगवेगळ्या शाखांमध्ये, तीस-तीस वर्षं काढलेल्या. निवृत्तीनंतर नवऱ्यांना घरी ठेवून, कुठल्याही टूर कंपनीच्या नादी न लागता फेब्रुवारीच्या शेवटी स्पेनला जाऊन आलो. माद्रिदहून अडीच तासांची रेल्वे, आणि सेव्हिलला (तिथली माणसं सेविया म्हणतात) पूर्ण असा एकच दिवस. परत आल्यापासून तीन जणींनी फोन करून विचारलंय की तिथं काय बघावं आणि पैसे कुठं घालावेत. म्हटलं, एकदाच लिहून काढावं.

घाईत असाल तर आधी निकाल. अल्काझार राजवाडा पैसे वसूल. हिराल्दा मनोरा गुडघ्यांसकट वसूल. कॅथीड्रलजवळ फोटोवाल्या पाटीखाली घेतलेलं दुपारचं जेवण बुडीत खाती. आणि रात्रीचा खडूवाला बार, त्याच्यासाठी तर मी हे लिहायला बसले.

डबीचं सांगायला हवं. आमची एक सामायिक डबी असते. खरं म्हणजे चेनचं पाकीट, पण माहेरच्या सहलींपासून नाव डबीच. त्या दिवशी प्रत्येकीनं सकाळी शंभर युरो टाकले, म्हणजे चारशे. डबी जिच्या ताब्यात, तिनं अठ्ठावीस वर्षं कॅशमध्ये काढली. पाच सेंटचं नाणंसुद्धा वहीत चढल्याशिवाय तिच्या हातून सुटत नाही. दुसरी कट्टर शाकाहारी, कांदा-लसूण चालतो पण अंडंही नाही. तिसरीचा उजवा गुडघा दोन वर्षांपूर्वी बदललेला. चौथी मी. वाचून येणारी, नकाशा धरणारी आणि म्हणून सगळ्या चुकांची धनीण.

सकाळ छान सुरू झाली. राहायच्या जागेखालीच कोपऱ्यावर एक बार होता. तिकडे बार म्हणजे दारूचा गुत्ता नव्हे. सकाळी तिथं आज्या कॉफी पितात, दहाला कुरिअरवाला येतो, रात्री सगळी गल्ली. भाजलेला लांबट पाव, त्यावर किसलेला टोमॅटो, ऑलिव्हचं तेल, चिमूटभर मीठ आणि दुधाची कॉफी. चौघींचे सोळा युरो. शाकाहारीनं दोनदा विचारलं, "अगं, यात काही नाही ना?" काही नव्हतं. एक व्यावहारिक गोष्ट: स्वच्छतागृह पाहिजे असेल तर अशाच बारमध्ये शिरायचं, एक कॉफी मागायची. आम्ही दिवसभरात त्या कारणासाठी किती कॉफ्या प्यायलो ते वहीत आहे.

अल्काझारचं तिकीट आम्ही सांगलीतूनच, साडेनऊच्या पहिल्या वेळेचं काढलं होतं. तुम्हीही तेच करा. दारावरची रांग पाहून गुडघेवालीनं माझ्या पाठीवर थाप मारली, दिवसभरातली ती पहिली आणि जवळजवळ शेवटची. चौघींचे साठच्या थोडे वर गेले.

आत गेल्यावर पहिला अर्धा तास मी गोंधळले होते. भिंतींवर अरबी अक्षरं, चुन्याच्या गिलाव्यात कोरलेली जाळी, कमानी, मध्ये पाण्याची लांब पट्टी. मनात म्हटलं, हा कुणा सुलतानाचा महाल. पण हा मुख्य भाग 1364 पासून बांधून घेतला तो पेद्रो नावाच्या ख्रिस्ती राजानं. शहर तर 1248 मध्येच ख्रिस्ती राजाकडे गेलेलं. म्हणजे शंभरेक वर्षांनंतरही राजाला राहायला आवडलं ते मुसलमान कारागिरांच्या हातचं घर, आणि भिंतीवर स्वतःचं कौतुक लिहून घेतलं तेही अरबीत, 'सुलतान' म्हणवून. ज्यांना हरवलं त्यांच्याच चवीनं राहायचं, हे आपल्याकडच्या वाड्यांमध्ये काही कमी दिसतं का?

राजदूतांच्या दालनाचा लाकडी घुमट बघायला मान इतकी वर करावी लागते की गुडघेवाली म्हणाली, आता मानेचं ऑपरेशन. तो घुमट 1427 चा. सोनेरी ताऱ्यांची नक्षी, एकात एक गुंफलेली. फोटोत काहीच येत नाही, म्हणून फोन खाली ठेवा. खाली एक लांब बोळवजा तळघर आहे, पेद्रोची प्रेयसी मारिया दे पादिया हिचं न्हाणीघर म्हणतात, प्रत्यक्षात पावसाचं पाणी साठवायची जागा. तिथला गारवा अंगावर येतो. बागेत मोर आहेत, आणि ते आपल्याकडच्या मोरांसारखेच ओरडतात. वरचा मजला राजघराणं अजूनही वापरतं, त्याला वेगळं तिकीट लागतं, ते आम्ही घेतलं नाही. डबीनं परवानगी नाकारली.

बागेत झाडांवर संत्री लगडली होती, शहरभर रस्त्यावरही तीच. शाकाहारीनं खाली पडलेलं एक उचललं, सोललं, फोड तोंडात टाकली, आणि तिचा जो चेहरा झाला तो या सहलीतला माझा सगळ्यात आवडता फोटो. कडूजहर! ही खायची संत्री नव्हेतच, ती इंग्लंडला मार्मालेडसाठी जातात. वास साधारण आपल्या ईडलिंबाच्या वाटेनं जाणारा. ती पुढे दिवसभर म्हणत राहिली, लोणचं घातलं तर? स्पॅनिशमध्ये संत्र्याला 'नारांखा' म्हणतात. आपलं नारिंग फारशी-अरबीतून फिरत फिरत तिथं पोचलंय. साखरेचंही तेच, 'आसूकार'. तेव्हा तिथं भाषा येत नाही म्हणून घाबरू नका, दोन शब्द तर घरूनच घेऊन जाताय.

राजवाड्यातून बाहेर पडलं की दोन मिनिटांवर इंडीज अभिलेखागार. कुणी जात नाही तिथं. तिकीट नाही म्हणून खजिनदारीण सगळ्यात पुढे. अमेरिका खंडातल्या आणि फिलिपीन्सच्या वसाहतींचे कागद एका जागी ठेवायला 1785 मध्ये तिसऱ्या कार्लोस राजानं हे सुरू केलं. इमारत त्याहून जुनी, व्यापाऱ्यांसाठी बांधलेली. त्याआधी व्यापारी शेजारच्या चर्चच्या पायऱ्यांवरच सौदे करायचे, पाऊस आला की आतही शिरायचे, तेव्हा धर्मगुरू वैतागले. कॅथीड्रलभोवती दगडी खांबांना साखळ्या लावलेल्या दिसतात, त्या त्या भानगडीच्या खुणा.

आठ कोटी पानं. त्रेचाळीस हजार गठ्ठे. सलग मांडले तर नऊ किलोमीटर कपाटं. तांबूस संगमरवरी जिना, वर लांबच लांब दालन, भिंतीला लावून उंच कपाटं, आणि पूर्ण शांतता. आम्ही चौघी तिथं गप्प झालो, आणि आम्ही गप्प होणं ही बातमी आहे. कारण 2019 च्या पुरात आमच्या एका शाखेची रेकॉर्ड रूम कृष्णेच्या पाण्याखाली गेली होती. आम्ही गच्चीवर दोऱ्या बांधून कर्जाच्या फायली वाळत घातल्या होत्या, निळ्या शाईचे ओघळ अजून डोळ्यांसमोर आहेत. खजिनदारीण एका कपाटापाशी बराच वेळ उभी राहिली. मग म्हणाली, "वाळवी कशी लागली नाही गं यांना?" पर्यटकांच्या यादीत ही जागा शेवटी असते. माझ्या यादीत अल्काझारच्या जोडीनं.

आता बुडीत खातं. दुपारचे दीड वाजलेले, भूक कडकडून, आणि मी नकाशा बघायचा कंटाळा केला. कॅथीड्रलच्या सावलीत एक हॉटेल, बाहेर फोटोंची पाटी, पिवळ्याधमक भाताचे आठ प्रकार, दारात इंग्रजीत बोलावणारा माणूस. नाव देत नाही, कारण अशी दहा आहेत आणि दहाही सारखीच असावीत. पाएया हा भात मुळात वलेन्सियाचा, इथला नव्हे, हे मी वाचलेलं होतं. वाचून काय उपयोग! भात आला तो कडेला गरम आणि मध्ये गार. शाकाहारीनं "नो मीट, नो फिश" तीनदा सांगून सॅलड मागवलं, त्यावर डब्यातला टूना मासा पसरलेला. परत पाठवलं तर तोच मासा काढून तीच बशी परत आली, कडेला तुकडे चिकटलेले. न मागता आलेल्या पावाचे पैसे लावले. एकूण अठ्ठ्याहत्तर युरो. खजिनदारीणीनं वहीत लिहिलं: 'जेवण (नाही) 78'. ती ओळ तिनं मला अजून दोनदा दाखवलीय.

पाटीवर फोटो आणि दारात बोलावणारा माणूस, दोन्ही एकत्र दिसले तर पुढे चला. याहून जास्त त्या हॉटेलावर लिहायची माझी इच्छा नाही.

कॅथीड्रल प्रचंड आहे. प्रचंडच. गॉथिक चर्चांमध्ये जगातलं सगळ्यात मोठं, 1401 मध्ये पूर्वीच्या मशिदीच्या जागी बांधायचं ठरलं. खरं सांगू? मला आत दडपल्यासारखं झालं, सोनं फार. कोलंबसची शवपेटी चार राजांचे दूत खांद्यावर घेऊन उभे आहेत, तिथं सगळ्यात जास्त गर्दी. त्या अस्थी हवानाहून 1899 मध्ये इथं आल्या. डोमिनिकन रिपब्लिक म्हणतं, कोलंबस आमच्याकडेच आहे. इंडिया शोधायला निघालेल्या माणसाला मेल्यावरही मुक्कामाचा पत्ता धड सापडेना, असं गुडघेवाली म्हणाली आणि शेजारचे दोन गुजराती पाहुणे फसकन हसले. बाहेर संत्र्यांच्या चौकात छताला एक लाकडी मगर टांगलीय, ती चुकवू नका. इजिप्तच्या सुलतानानं राजाला खरी मगर भेट दिली होती, तिची ही आठवण अशी कथा सांगतात.

पण लिहायचं आहे ते हिराल्दाबद्दल. हा मनोरा बाराव्या शतकातल्या मशिदीचा मिनार. वरचा घंटांचा भाग सोळाव्या शतकात चढवला, सगळी मिळून उंची शंभर मीटरच्या वर. गुडघेवाली सकाळपासूनच म्हणत होती, "तुम्ही जा, मी खाली बसते." मी तिला दारापर्यंत नेलं आणि आत बघायला लावलं. आत जिना नाही. चढ आहे. विटांची सौम्य, रुंद चढण भिंतीच्या कडेकडेनं चौकोनात वर जाते. बांग देणाऱ्याला पाच वेळा घोड्यावरून वर जाता यावं म्हणून तशी केली म्हणतात. प्रत्येक वळणावर भिंतीत आकडा लिहिलेला, एक ते पस्तीस. जोतिबाला पायऱ्यांकडे बघूनच जी परत फिरायची, ती बाई आकडे मोठ्यानं मोजत वर निघाली. बाराव्या वळणावर खिडकीपाशी बसली, विसाव्यावर पाणी प्यायली, अठ्ठाविसाव्यावर म्हणाली, बांग देणाऱ्याला घोडा होता, मला तुम्ही तिघी. शेवटी सतरा पायऱ्या आहेत, त्या तिनं कठडा धरून केल्या.

वर पांढऱ्या गच्च्या, खाली अल्काझारची बाग, लांब नदीची रेघ. आणि डोक्यावर अजस्र घंटा. आम्ही उभ्या असतानाच पावणेचार झाले, घंटा वाजली आणि शाकाहारी माझ्या अंगावर पडली.

प्रामाणिकपणे सांगते, उतरताना तिला त्रास झाला. बदललेल्या गुडघ्याला चढण सोसते, उतरण टोचते. उलट्या तोंडानं, माझा खांदा धरून, चार-पाच वळणं उतरली. गुडघ्यांची तक्रार असेल तर वर चढा जरूर, पण उतरायला चढण्याइतकाच वेळ धरा आणि भिंतीकडेची बाजू पकडा. डबीतून गेले बावन्न, कॅथीड्रल धरून. त्यातले तिच्या वाट्याचे तेरा हा दिवसभरातला सगळ्यात चांगला खर्च, हे खजिनदारीणीचंही मत.

बाहेर पडताच एक बाई आली, हातात रोझमेरीची काडी, हसत हसत तिनं ती शाकाहारीच्या हातात कोंबली आणि तळहात धरून भविष्य सांगायला लागली. नंतर पाच युरो मागतात. घ्यायचंच नाही, हात मागे बांधून चालायचं. आमची शाकाहारी स्वतः हात बघते, बँकेत अर्ध्या स्टाफचे बघून झालेत. तिनं त्या बाईचाच हात धरला आणि आयुष्यरेषेवर बोट ठेवून मराठीत सुरू झाली. बाई काडी परत घेऊन गेली.

प्लाझा दे एस्पान्याला ट्रामनं गेलो, चालत पंधरा-वीस मिनिटं, पण गुडघा. 1929 च्या प्रदर्शनासाठी आनिबाल गोन्झालेस नावाच्या वास्तुकारानं बांधलेला अर्धवर्तुळाकार राजेशाही पसारा, पुढे कालवा, त्यात वल्ह्याच्या होड्या. फुकट. भिंतीला प्रांताप्रांताचे टाइल्सचे कोनाडे, अठ्ठेचाळीस, चक्क अकारविल्हे लावलेले. स्पॅनिश कुटुंबं आपापल्या प्रांताचा कोनाडा शोधून तिथं बसून फोटो काढतात. एक आजोबा आपला प्रांत दाखवत नातवाला काहीतरी तावातावानं सांगत होते, नातू कबुतरामागे. संध्याकाळचं ऊन त्या विटांवर पडलेलं बघायला मावळतीच्या आत जायलाच हवं. शहरात लाकडी छत्र्यांची एक नवी भलीमोठी वास्तू आहे, तिला 'मशरूम' म्हणतात, ती आम्ही लांबून पाहिली आणि पुढे गेलो.

नदीकाठी 'सोन्याचा मनोरा' नावाच्या जुन्या बुरुजापाशी एक लाकडी जहाज उभं असतं, 'व्हिक्टोरिया'ची प्रतिकृती. 1519 मध्ये मॅगेलनची पाच जहाजं या शहरातून निघाली. तीन वर्षांनी एकच परत आलं, पृथ्वीला वळसा घालून, अठरा माणसं आणि लवंगांनी भरलेली कोठी. स्वतः मॅगेलन वाटेत मारला गेला. जहाज बघून चौघींचं एकच मत: एवढंसं? शाकाहारीच्या पर्समध्ये औषधाच्या डबीत चार लवंगा असतात, तिनं एक तोंडात टाकली.

पूल ओलांडून त्रियाना भागात फ्लामेंको, म्हणजे तिथलं गाणं-नाच. छोटी खोली, साठेक खुर्च्या, माणशी पंचवीस युरो. माईक नाही. एक गिटारवाला, एक गाणारा, एक नाचणारी आणि टाळ्या देणारा एक. त्या टाळ्यांना 'पाल्मास' म्हणतात आणि तो सगळा हिशेब आहे. मी लहानपणी सहा वर्षं कथक शिकले. त्या बाईनं टाचेनं जमिनीवर जे काही केलं, त्यात मला आमच्या बाईंचा तत्कार ऐकू आला, फक्त घुंगरू नाहीत आणि बुटाला खिळे. ही कला ज्यांनी वाढवली त्या खितानो, म्हणजे स्पेनमधल्या जिप्सी लोकांचे पूर्वज कितीतरी शतकांपूर्वी भारताच्या वायव्येकडून गेले, हे भाषेवरून कळतं. पण नाच इकडून गेला असं मी म्हणणार नाही, तो तिथल्याच मातीतला आहे. गाणारा पन्नाशीचा, ढेरपोट्या, पहिली तान अशी काढली की खजिनदारीणीनं माझा हात घट्ट धरला. अर्थ कळला नाही एका शब्दाचा. खुर्च्या मात्र फार चिकटून आहेत, आणि तासाभराच्या कार्यक्रमाला उशिरा पोचलात तर खांबामागची जागा मिळते. आमच्यातल्या दोघींना मिळाली.

नऊ वाजले होते. दुपारच्या जेवणानं पोटात खड्डा. यावेळी मी नकाशा काढलाच नाही. जिथं आज्या आणि लहान मुलं उभ्यानं खात होती त्या बारमध्ये शिरलो. फळ्यावर खडूनं लिहिलेली यादी, फोटो नाही, इंग्रजी नाही. काउंटरमागे साठीचा माणूस, कानावर खडू. शाकाहारीनं दिवसभरात पाठ केलेली तीन वाक्यं एका दमात म्हटली: सिन हामोन, सिन उएव्हो, सिन पेस्कादो. हॅम नको, अंडं नको, मासा नको. त्यानं बोटं मोजली, मान डोलावली आणि दोन बशा पुढे सरकवल्या.

एकीत पालक-छोले. हो, पालक आणि छोले, जिऱ्याच्या फोडणीच्या वासाचे, सोबत तळलेला पाव. ही इथली जुनी पारंपरिक भाजी. दुसरी बशी बघून आम्ही चौघी ओरडलो. वांग्याचे पातळ काप, कुरकुरीत तळलेले, आणि त्यावर काळसर काहीतरी ओतलेलं. यादीत त्याला 'मध' म्हटलंय, पण ऊस असा शब्द पुढे जोडलेला. चाखलं, आणि काकवी! आपली काकवी! सांगली-कोल्हापूरच्या माणसाला उसाच्या काकवीसाठी सेव्हिलला जावं लागतं काय? आणि वांग्याच्या कापांवर ती घालायचं आम्हाला हजार वर्षांत सुचलं नाही. तीच बशी पुन्हा मागवली. थंड टोमॅटोचं साल्मोरेखो पिठल्याइतकं दाट, आमच्या बशीत वर अंडं आणि हॅम होतं, तिच्या बशीत नाही, न चुकता. आम्ही तिघींनी मासाही घेतला, व्हिनेगर-जिऱ्यात मुरवून तळलेला कासोन. कासोन म्हणजे छोटी मुशी, कोकणातली मोरी. गुडघेवालीचं माहेर रत्नागिरी, ती तीन तुकडे बोलत नव्हती.

तक्रार एकच, बसायला जागा नाही. दिवसभराच्या चालण्यानंतर तासभर उभं राहणं सोपं नव्हतं. त्या माणसानं ते न सांगता ओळखलं आणि गुडघेवालीसाठी आतून एक स्टूल आणून दिलं. आम्हाला तिघींना नाही.

मग बिल. त्यानं कानावरचा खडू काढला आणि आमच्या बशांशेजारी, लाकडी काउंटरवरच आकडे लिहायला लागला. जसं जसं मागवलं तसं तसं तो लिहीतच होता, आम्ही पाहिलंच नव्हतं. एकाखाली एक नऊ ओळी, खाली रेघ, आणि आमची नजर वरून खाली पोचायच्या आत बेरीज. सेहेचाळीस चाळीस. खजिनदारीणीनं चष्मा लावला. अठ्ठावीस वर्षं कॅश, कुणाची बेरीज न तपासता तिनं एक रुपया सोडलेला नाही. ओठ हलले, बोट सरकलं, पुन्हा वरून खाली. तो कोपर टेकून शांतपणे वाट बघत होता. बरोबर होती. तिनं पन्नासची नोट ठेवली, उरलेले तिथंच राहू दे म्हणाली, जे मी तीस वर्षांत पहिल्यांदा ऐकलं.

त्यानं ओलं फडकं घेतलं आणि एका हातानं सगळा हिशेब पुसून टाकला.

खजिनदारीण वही उघडून तशीच उभी. "अगं, पण व्हाउचर?"